प्रवेश नाकारला, पण ते वर्षच संकटाचं होतं : पुनर्विचाराचा अर्ज कसा करावा

नकाराचं पत्र आलं त्या रात्री अपील लिहायला बसू नका. त्या रात्री हातून जे उतरतं त्यात राग असतो, अपमान असतो, आणि ज्यानं निर्णय बदलू शकेल ते नेमकं राहून जातं. तीन कामं मात्र त्याच रात्री उरका. आलेलं पत्र किंवा ईमेल जपून ठेवा. पोर्टलवर तुमच्या अर्जाची स्थिती दिसते त्या पानाचा, तारीख दिसेल असा, स्क्रीनशॉट घ्या. प्रक्रिया संपली की ते पान पुन्हा उघडेलच याची खात्री नसते. आणि अपिलाची मुदत कधी संपते ते शोधून मोठ्या अक्षरात लिहून डोळ्यांसमोर लावा. ही मुदत कधी महिनाभराची असते, कधी मोजक्या दिवसांची. ती हुकली तर पुढचं सगळं वाया जातं.

मग झोपा. उद्या बसू.

हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आहे ज्यांचे गुण, हजेरी किंवा खुद्द अर्ज आजारपणानं, घरातल्या मृत्यूनं, कुणाची तरी शुश्रूषा करण्यात, घरातल्या मारहाणीमुळे किंवा घराचं उत्पन्नच थांबल्यानं बिघडला. अशांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणजे, ‘काही उपयोग नाही, सोडून दे.’ दुसरा, ‘सगळं मन मोकळं करून लिही, तीही माणसंच आहेत.’ मला दोन्ही घातक वाटतात. प्रवेश समितीतल्या माणसाला वाईट वाटतंही, पण वाईट वाटलं म्हणून त्याला निर्णय फिरवता येत नाही. त्याला फाइलवर कारण नोंदवावं लागतं : अमुक माहिती नव्यानं मिळाली, अमुक कागदावरून ती खरी ठरते, म्हणून आधीचं मूल्यमापन बदलत आहोत. ही नोंद त्याला निर्धास्तपणे करता यावी, एवढंच तुमच्या अर्जाचं काम आहे. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

नकार नेमका कशाचा?

पत्र पुन्हा वाचा, या वेळी शांतपणे, हातात पेन घेऊन. नकार साधारण चार प्रकारचा असतो आणि प्रत्येकात अडचणीचा मुद्दा वेगळ्या तऱ्हेनं लागू पडतो.

किमान पात्रतेपेक्षा गुण कमी असतील, तर गुण का कमी पडले आणि तुमची खरी कुवत कुठे दिसते, हे दाखवावं लागतं. पात्र असूनही जागा संपल्या असतील, तर काम अवघड आहे. कारण तुमच्यासारखेच पात्र असे अनेक जण बाहेर राहिलेले असतात, आणि तुमच्या फाइलमध्ये आधी नसलेलं काहीतरी ठोस पुढे आणल्याशिवाय समिती हलत नाही. अर्जात किंवा तपासणीतच चूक झाली असेल, म्हणजे गुणपत्रिका जोडली गेली नाही, प्रवर्ग चुकीचा नोंदला गेला, तर तिथे अडचणींची कहाणी सांगूच नका. चूक दाखवा, पुरावा जोडा, दुरुस्ती मागा. अशा अर्जात संकटाचं वर्णन घातलं की साधी दुरुस्ती ‘दयेच्या’ गठ्ठ्यात जाऊन पडते.

चौथा प्रकार मुदत हुकल्याचा. कागद वेळेत पोचला नाही, शुल्क भरता आलं नाही. इथे संकटाइतकंच महत्त्व तुम्ही काय धडपड केली याला असतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं ३० सप्टेंबर २०२४ रोजी दिलेला एक निर्णय या बाबतीत वाचण्यासारखा आहे. एका दलित कुटुंबातल्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली होती, पण १७,५०० रुपयांचं शुल्क २४ जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत भरता आलं नाही आणि जागा गेली. न्यायालयानं संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालचे विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला सांगितलं, तोही अतिरिक्त जागा निर्माण करून, म्हणजे आधी प्रवेश मिळालेल्या कुणाला धक्का लागू नये. पैशांची जमवाजमव शेवटच्या घटकेपर्यंत चालली होती आणि मुदतीच्या आधी तो पोर्टलवर पोचला होता, ही बाजू न्यायालयापुढे मांडली गेली होती. प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालय गाठता येत नाही, आणि असा आदेश अपवादच असतो. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत : धडपडीची नोंद ठेवा, आणि मागणी अशी करा की ती मान्य करताना दुसऱ्या कुणावर अन्याय होणार नाही.

पत्रात कारणच दिलं नसेल, तर दोन ओळींचा सभ्य ईमेल पाठवून कारण विचारा. हा ईमेल म्हणजे अपील नव्हे. त्यात वाद घालू नका.

दार कोणतं ठोठवायचं?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे फुकट जातो. कुलगुरूंना, विभागप्रमुखांना, ओळखीच्या प्राध्यापकांना पत्रं जातात आणि जिथे अर्ज करायचा ती खिडकी बंद होऊन जाते. अपील, पुनर्विचार आणि तक्रार हे बऱ्याच विद्यापीठांत वेगवेगळे मार्ग असतात. तक्रार प्रक्रियेतल्या गैरप्रकाराबद्दल असते. अपील किंवा पुनर्विचार निर्णयाबद्दल असतो. चुकीच्या मार्गानं गेलेला अर्ज वाचला न जाताच परत येऊ शकतो.

देशागणिक तऱ्हा किती बदलते ते पाहा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस यांसारख्या शाखा अपील स्वीकारतात, पण अट एकच : मूळ अर्जात नसलेली, नवी आणि वजनदार माहिती हवी. अमेरिकेतली बरीच खासगी विद्यापीठं अपील घेतच नाहीत. ब्रिटनमध्ये विद्यापीठं सहसा प्रक्रियेतली चूक तपासतात. शैक्षणिक पारख मात्र अपिलाच्या कक्षेबाहेर ठेवतात. तिथल्या इंग्लंड आणि वेल्सच्या स्वतंत्र विद्यार्थी-तक्रार कार्यालयालाही प्रवेशाच्या तक्रारी ऐकता येत नाहीत. जर्मनीत नकार हा प्रशासकीय आदेश मानला जातो. दाद कशी मागायची हे त्या आदेशावरच लिहिलेलं असेल तर मुदत साधारण एक महिना. ती सूचनाच नसेल तर एक वर्ष. काही राज्यांत आधी विद्यापीठाकडेच हरकत नोंदवता येते, काही ठिकाणी थेट न्यायालय. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रवेश मागणाऱ्यालाही विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठासाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येतं. पण तोही मार्ग नियम मोडला गेल्याच्या तक्रारीचा आहे. ‘माझी परिस्थिती लक्षात घ्या’ ही विनंती आधी प्रवेश विभागाकडेच जायला हवी.

म्हणून संकेतस्थळावर प्रवेशाचे नियम उघडून या पाच गोष्टी शोधा आणि कागदावर उतरवा : अर्ज कुणाकडे, कोणत्या स्वरूपात, किती शब्दांत, किती तारखेपर्यंत, आणि किती वेळा करता येतो. शेवटची गोष्ट विसरू नका. जिथे एकदाच करता येतो, तिथे कागदपत्रं अर्धवट असताना अर्ज करणं म्हणजे हातातली एकमेव संधी घालवणं. मुदत जवळ आली आणि एखादा दाखला अजून यायचा असेल, तर मुदतीत अर्ज करा आणि त्यात स्पष्ट लिहा की अमुक दाखला अमुक तारखेपर्यंत पाठवत आहे.

तुमचा दावा मागचा की पुढचा?

अडचणीच्या नावाखाली दोन निराळे दावे केले जातात, आणि ते एकमेकांत मिसळले की दोन्ही लुळे पडतात.

पहिला दावा मागे बघतो : ‘या संकटानं माझे गुण खाली आणले, ते नसतं तर मी निकषात बसलो असतो.’ दुसरा पुढे बघतो : ‘माझी परिस्थिती अशी आहे की मला आत्ताच शिक्षण सुरू करायला हवं, वर्षभर थांबणं मला शक्य नाही.’ वाढत जाणारा आजार असलेल्या माणसाचा दावा बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. परीक्षेच्या आठवड्यात आई गेली, त्याचा पहिल्या प्रकारचा.

जर्मनीत या दोन्हींसाठी दोन स्वतंत्र अर्जच आहेत. गुणांची भरपाई मागायची तर शाळेचं लेखी मत लागतं, संकटाआधीचे आणि नंतरचे गुण दाखवावे लागतात. ‘थांबता येत नाही’ म्हणायचं तर थोड्याशा राखीव जागांसाठी वेगळा अर्ज असतो, तिथे कसोटी फार कडक असते आणि नुसती पैशांची चणचण सहसा पुरेशी धरली जात नाही. तुमच्या विद्यापीठात अशी विभागणी नसली तरी मनात ती करून घ्या. तुमचा दावा कोणता आहे ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमत नसेल, तर अर्ज लिहायची वेळ अजून आलेली नाही.

तारखांचा तक्ता

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा : तारीख, काय घडलं, अभ्यासावर काय परिणाम झाला. तपशील आठवणीवर सोडू नका. फोनमधले मेसेज, रुग्णालयाची बिलं, शाळेची हजेरी, बँकेचं पासबुक बघून भरा.

हा तक्ता भरणं जड जातं. ज्या दिवसांकडे पुन्हा वळून बघायचं नव्हतं, त्याच दिवसांच्या तारखा शोधाव्या लागतात. एकट्यानं करू नका. बहीण, मित्र, मावशी, कुणीतरी जवळ बसू दे, आणि लिहिण्याचं काम त्यांच्याकडे द्या. दोन-तीन बैठकींत केलंत तरी चालेल.

तक्ता पूर्ण झाला की तिसरा रकाना तपासा. घटना आहे पण समोर परिणाम नाही, ती ओळ अर्जातून जाईल, मग ती तुमच्यासाठी कितीही दुःखाची असो. परिणाम आहे पण घटना नाही, तिथे समिती प्रश्न विचारणार. त्याचं प्रामाणिक उत्तर तयार ठेवा. संकटाच्या आधीपासूनच एखाद्या विषयात गुण कमी असतील तर तेही मान्य करा. ‘रसायनशास्त्रात मी आधीही साधारणच होते’ असं एक वाक्य बाकीच्या दहा वाक्यांचा भरवसा वाढवतं.

शेवटी एक गोष्ट आवर्जून पाहा : या अडचणीची भरपाई आधीच कुणी केली आहे का? ब्रिटनमध्ये परीक्षा मंडळं आजारपण किंवा निकटच्या मृत्यूसाठी ‘स्पेशल कन्सिडरेशन’ देतात, त्यात जास्तीत जास्त ५ टक्के गुण वाढतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ‘सीस’ (स्पेशल एन्ट्री अॅक्सेस स्कीम) आणि न्यू साउथ वेल्समध्ये ‘ईएएस’ (एज्युकेशनल अॅक्सेस स्कीम) या योजनांखाली प्रवेशअर्जाबरोबरच अडचणी नोंदवता येतात. तुम्ही असा लाभ घेतला असेल तर तो लपवू नका. त्यानं किती भरून निघालं आणि काय उरलं ते लिहा. घेतला नसेल, तर का घेतला नाही हेही लिहा. ‘माहीत नव्हतं’ किंवा ‘तेव्हा घरातली गोष्ट बाहेर सांगायचं धैर्य नव्हतं’ ही खरी कारणं आहेत. ती साधेपणानं सांगितली तर लोक समजून घेतात.

कागद कोणते जोडायचे

नियम सोपा : पत्रातल्या प्रत्येक महत्त्वाच्या विधानामागे एक कागद. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला, पण ‘अमुक यांच्यावर उपचार चालू होते’ एवढ्यानं भागत नाही. डॉक्टरांना विनंती करा की उपचार कधीपासून कधीपर्यंत चालले, त्या काळात एकाग्रतेवर, झोपेवर, बसून लिहिण्यावर काय परिणाम होणं स्वाभाविक होतं, आणि आता शिक्षण घेण्याइतपत तब्येत आहे का, एवढं लिहावं. निदानाचं नाव नको असेल तर तेही सांगा. परिणाम आणि काळ नोंदवला की बऱ्याचदा पुरतं.

मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद. घराचं उत्पन्न थांबलं असेल तर कामावरून काढल्याचं पत्र, आधीचा आणि नंतरचा उत्पन्नाचा पुरावा, आणि तुम्ही स्वतः काम धरलं असेल तर कामाचे तास दाखवणारं मालकाचं पत्र. हे तास महत्त्वाचे असतात, कारण अभ्यासाचा वेळ कुठे गेला ते त्यांतून दिसतं.

शुश्रूषेचा पुरावा सगळ्यात अवघड. घरातली मुलगी आजीचं सगळं करत होती, याची नोंद कुठल्याच कार्यालयात नसते. तिथे आजीच्या डॉक्टरांचं पत्र, वर्गशिक्षकांचं पत्र आणि हजेरीपट असे तीन कागद एकत्र ठेवले की चित्र उभं राहतं. घरातल्या हिंसेबाबत पोलिसात नोंद नसेल तरी निराश होऊ नका. समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, आश्रयगृह, शाळेतले विश्वासू शिक्षक यांचं लेखी निवेदन चालू शकतं. आणि तुमचा पत्ता किंवा पत्रव्यवहार घरच्यांच्या हाती पडणं धोक्याचं असेल, तर अर्ज करण्याआधीच प्रवेश विभागाला विचारा : माझी माहिती कोण वाचेल, आणि उत्तर फक्त या ईमेलवर मिळेल का? हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

शिक्षकांचं पत्र घेताना त्यांना तुमचा तारखांचा तक्ता द्या. ‘हुशार आणि होतकरू विद्यार्थी’ असं पत्र काही कामाचं नाही. संकटाआधी तुम्ही कसे होतात, नंतर वर्गात काय बदल दिसला आणि ते स्वतः तुमच्या तयारीबद्दल काय सांगू शकतात, हे त्यांनी आपल्या शब्दांत लिहायला हवं. मजकूर तुम्ही तयार करून फक्त सही घेऊ नका. वाचणाऱ्याला ते ओळखू येतं.

पत्र

शब्दमर्यादा दिली नसेल तर एक पान, फार तर दीड. पहिल्या तीन ओळींत : मी कोण, अर्ज क्रमांक काय, कोणत्या अभ्यासक्रमाच्या कोणत्या तारखेच्या निर्णयाचा पुनर्विचार मागतो आहे, आणि नवी माहिती कोणती. आभाराची, थोरवीची प्रस्तावना नको.

मधल्या भागाचे दोन नमुने बघा. एक असा :

‘मागचं वर्ष आमच्या कुटुंबासाठी अत्यंत कठीण गेलं. एकामागून एक संकटं आली. त्यातूनही मी जिद्दीनं अभ्यास केला, पण मनासारखे गुण मिळाले नाहीत. या विद्यापीठात शिकणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. कृपया सहानुभूतीनं विचार व्हावा.’

यातला शब्द न् शब्द खरा असेल. तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आता हे वाचा :

‘४ ऑगस्टला वडिलांना पक्षाघात झाला. सहा आठवडे ते रुग्णालयात होते आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत अंथरुणावर (जोडपत्र १). आई रात्रपाळीला जाते, त्यामुळे रात्री त्यांच्याजवळ मी असे. या काळात माझी हजेरी ९४ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर आली (जोडपत्र २). ऑक्टोबरच्या परीक्षेत मला गणितात ५२ आणि भौतिकशास्त्रात ४९ गुण मिळाले. त्याआधीच्या चार परीक्षांत या विषयांत ८० च्या खाली मी कधी गेले नव्हते (जोडपत्र ३). मार्चपासून काका आमच्याकडे राहतात आणि वडील आता आधाराशिवाय चालतात. एप्रिलमध्ये याच विषयांत मला ८४ आणि ८१ गुण मिळाले (जोडपत्र ४). मी अर्ज भरला तेव्हा हा निकाल लागला नव्हता.’

दुसऱ्या नमुन्यात ‘कठीण’ हा शब्द एकदाही नाही. वडिलांच्या उशाशी रात्री जागणारी मुलगी मात्र डोळ्यांसमोर उभी राहते, आणि समितीला हवं ते सगळं आहे : काळ, परिणाम, आधीची पातळी, आता परिस्थिती कशी सावरली, आणि ही माहिती आधी का नव्हती. ‘आता परिस्थिती कशी आहे’ हा भाग बहुतेक जण गाळतात. समितीच्या मनात मात्र हीच शंका असते की प्रवेश दिला तर हा विद्यार्थी टिकेल का. संकट अजून चालू असेल तर ‘सगळं ठीक आहे’ असं खोटं लिहू नका. त्यातून वाट कशी काढली आहे ते लिहा : औषधोपचार चालू आहेत, दुपारची शिकवणी सोडली आहे, भावानं जबाबदारी घेतली आहे.

शेवटी मागणी स्पष्ट करा, आणि जमल्यास तिच्या पायऱ्या ठेवा : मुख्य अभ्यासक्रमात प्रवेश, ते शक्य नसेल तर प्रतीक्षा यादी, पुढच्या सत्रात प्रवेश किंवा जवळचा दुसरा अभ्यासक्रम. पायऱ्या दिल्या की समितीपुढे ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधलीही वाट राहते. काही ठिकाणी अपील फक्त मूळ निर्णयापुरतंच चालतं, तिथे अर्थातच हे नको.

दुसऱ्या विद्यार्थ्यांशी तुलना करू नका. ‘माझ्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाला घेतलं’ हे खरं असेल तर तो तक्रारीचा विषय आहे, या पत्राचा नाही. न्यायालयाची धमकीही नको. आणि पत्र विद्यार्थ्यानं स्वतः लिहावं. आई-वडिलांची तळमळ मी समजू शकते, पण त्यांनी लिहिलेलं पत्र वाचताना समितीला प्रश्न पडतो की मूल स्वतः कुठे आहे.

मजकूर तयार झाला की तुमची हकिगत ठाऊक नसलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. वाचून झाल्यावर त्यांना एकच विचारा : ‘मी काय मागते आहे आणि कशाच्या आधारावर?’ उत्तर अडखळत आलं, तर पुन्हा लिहा.

पाठवल्यानंतर

सगळे कागद एकाच फाइलमध्ये, क्रमांक घालून, सुरुवातीला यादी देऊन पाठवा. पोचपावती घ्या. उत्तरासाठी दिलेली मुदत उलटेपर्यंत फोन करू नका. उलटली की अर्ज क्रमांक देऊन एक छोटा ईमेल करा.

या काळात दुसऱ्या विद्यापीठातली मिळालेली जागा सोडू नका. अपील चालू असताना दुसरीकडे प्रवेश घेतला तर अपील रद्द होतं का, हे मात्र दोन्हीकडचे नियम वाचून पक्कं करा. बहुतेक अपिलं नामंजूर होतात हे मनाशी धरूनच बाकीची तयारी चालू ठेवायची असते.

मंजूर झालं, तर त्याच दिवशी शुल्क, कागद पडताळणी आणि वसतिगृहाच्या तारखा विचारा. उशिरा मिळालेल्या प्रवेशात या मुदती अंगावर येतात. संकट अजून सरलं नसेल तर पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी साहाय्य विभागाला भेटा.

नामंजूर झालं, तर एक विचारणा नक्की करा : पुढच्या वर्षी अर्ज केला तर कोणत्या गोष्टीनं फरक पडेल? उत्तर मिळालंच तर ते सोन्यासारखं जपा. तुम्ही जमवलेली फाइल पुढच्या अर्जातल्या ‘विशेष परिस्थिती’च्या रकान्यासाठी जशीच्या तशी उपयोगी पडते, तेव्हा जे दाखले अजून घ्यायचे राहिलेत ते आत्ताच घ्या. वर्षभरानं डॉक्टरांची बदली झालेली असते, बाई निवृत्त झालेल्या असतात, आणि त्या महिन्यांत तुम्ही काय सोसलंत हे प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस शोधत फिरावं लागतं.